उलट बोलण्याचा मोसम

कडुलिंबाची पानं पिवळी होऊन गच्चीवर पडायला लागली, की माझ्या पोटात गोळा येतो. आता मला कोण परीक्षेला बसवतंय? दात गेले, गुडघे गेले, ज्यांना भ्यायचं ती माणसंही गेली. पण पोटाला हे कुणी सांगितलेलं नाही. वाऱ्यानं पानं फरशीवर खरखरत सरकली, की ते आपलं अठरा वर्षांचं होऊन बसतं.

परवा मी उन्हाला पाठ देऊन गहू निवडत होते. माझी नात सई कॉलेजच्या वादविवाद स्पर्धेची तयारी करत या कठड्यापासून त्या कठड्यापर्यंत फेऱ्या मारत होती. हातात फोन, ओठांत पुटपुट. ‘मॉरल ऑब्लिगेशन… प्रिमाइस… काउंटर आर्ग्युमेंट… आय बेग टू डिफर…’

माझा हात सुपातच थांबला.

“काय झालं गं आजी?”

“काय नाय. खडा होता.”

खडा कसला? एक पोरगी होती. दोन वेण्या, त्यांना डोक्यापेक्षा मोठ्या लाल रिबिनी, तोंडावर पावडरीचा थर, आणि चेहऱ्यावर असा भाव, की ग्रीसचे सगळे तत्त्वज्ञ हिचा सल्ला घेऊनच मेले असावेत. आत मात्र सगळं लटलट कापत होतं. तिचं नाव कुसुम, म्हणजे मीच, अठरा वर्षांची. मला ती तेव्हाही फारशी आवडत नव्हती.

तर या कुसुमबाई इंटरला, म्हणजे कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होत्या. तर्कशास्त्र आणि नीतिशास्त्र, दोन्ही इंग्रजीतून. आमच्या घरात प्रत्येक पिढीची शाळा वेगळ्या भाषेची. आजोबा फुलंब्रीला शेती करायचे, त्यांना मोडी यायची. नाना, म्हणजे माझे वडील, उर्दूत शिकले आणि निजामाच्या राज्यात कचेरीत पेशकार झाले. साहेबापुढं कागद ठेवायचे, वादी-प्रतिवादीचं म्हणणं वाचून दाखवायचं, हे त्यांचं काम. पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, आणि हळूहळू कचेरीत मराठी आली. नाना बोलायचे मराठीच, पण लिहायचं म्हटलं की हात आपोआप कागदाच्या उजव्या कडेला जायचा. मी तेव्हा पहिली-दुसरीत. संध्याकाळी ते माझं पुस्तक पुढ्यात घेऊन अक्षरं गिरवायचे आणि मी फिदीफिदी हसायचे. त्यांच्या बोटाखालचा कागद ओला व्हायचा. तो घाम भीतीचा असतो, हे कळायला मला स्वतःला घाम फुटावा लागला.

मला तो इंटरच्या वर्गात फुटला. तर्कशास्त्राचे सर मुलींकडं बघून शिकवणं पाप समजत. मुलींना विचारायचा प्रश्न ते शेजारच्या भिंतीला विचारत. “व्हॉट इज द कन्क्लूजन?” भिंत गप्प. मग मागच्या बाकांवरची पोरं पाय आपटत, आणि माझ्या घशातला शब्द आल्या वाटेनं परत जाई. शब्द मला येत नसत असं नाही. पाठ होते सगळे. पण पाठ असलेला शब्द आणि तोंडातून निघालेला शब्द यांच्यामध्ये एक विहीर असते, आणि मी रोज तिच्या काठावर उभी राहून खाली बघून यायचे.

घरी आल्यावर मात्र बाईंना कंठ फुटायचा. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात पाण्याचा पितळी हंडा होता. तो आमचा सभापती. त्याच्यापुढं उभी राहून मी हात उंचवायचे. “मिस्टर चेअरमन सर! ऑन द कॉन्ट्ररी!” हंड्यात आवाज घुमून असा भारदस्त व्हायचा, की मलाच आदर वाटायचा. माय चुलीपाशी भाकरी थापत असायची.

“हंड्याला काय सांगतीस गं?”

“वाद घालतेय.”

“हरला की सांग. पाणी आणायचंय.”

मायच्या चुलीवरच मी ते शास्त्र शिकले, हे आमच्या सरांना कळलं असतं तर ते भिंतीवर डोकं आपटून घेते. प्रिमाइस म्हणजे पीठ आणि पाणी, कन्क्लूजन म्हणजे भाकरी. पीठ खवट असेल तर कितीही गोल थापा, भाकरी खवटच. हे मला समजायचं. अडायचं ते नीतीच्या शब्दांशी. कॉन्शन्स घ्या. शब्दकोशात बघितलं तर समोर लिहिलेलं, सदसद्विवेकबुद्धी. म्हणजे विंचू उतरवायला साप! कॉन्शन्स निदान दोन घासांत गिळता येतो, हा मराठी शब्द गिळताना ठसका लागायचा.

नानांना इंग्रजी येत नव्हतं. मी त्यांना त्या शब्दाचं वर्णन करून सांगितलं. आत काहीतरी बसलेलं असतं, ते बरंवाईट सांगतं, आपण ऐको न ऐको.

“जमीर,” नाना म्हणाले. “साक्षीदार खोटं बोलताना धोतराचा सोगा चाचपतो ना, तेव्हा तो आतून हाक मारत असतो.”

मला शब्द कळला आणि त्याच दिवसापासून मी पदर चाचपायला लागले. शब्दांचं हे असं असतं. नाव माहीत नव्हतं तोवर ते घरात होतं तरी दिसत नव्हतं. नाव कळलं आणि ते उंबऱ्यावर येऊन बसलं.

आणि मला पदर चाचपायला लावणारी एक गोष्ट होती. नानांनी आधीच सांगून टाकलं होतं, इंटर झालं की बास. पुढं लग्न. मला बी.ए. करायचं होतं, तत्त्वज्ञान घेऊन. हे मी हंड्याला सांगितलं होतं. दुसऱ्या कुणाला नाही.

का नाही? तर आमच्या घरात मतभेदाला दोनच शब्द होते, ‘उलट बोलणं’ आणि ‘तोंड वर करणं’. दोन्ही गुन्हेच. नानांपुढं ‘नाय’ म्हटलेलं मी माझ्या उभ्या आयुष्यात ऐकलं नव्हतं. मायच्या तोंडूनही नाही, काकांच्या तोंडूनही नाही. आणि इकडं इंग्रजीत बघावं, तर उलट बोलायला शब्दांची ही मोठी पेटी! आय डिफर, आय डिसअग्री, आय रिफ्यूट, आय काँटेस्ट. तिथं उलट बोलणाऱ्याला टेबल देतात, पाण्याचा पेला देतात, घंटा वाजवून वेळ मोजतात, वर टाळ्या वाजवतात. मला ते सगळं एखाद्या परक्या मुलखातल्या लग्नासारखं वाटायचं. बघायला छान, आपल्यात चालायचं नाही. मात्र त्या शब्दपेटीत ‘भीड’ नव्हती. किती धुंडाळलं मी. भिडेला त्यांच्याकडं शब्दच सापडला नाही, म्हणून तर इतकं उलट बोलू शकतात मेले, असा शोध कुसुमबाईंनी लावला होता.

गॅदरिंगच्या इंग्रजी वादविवादात माझं नाव नसीमनं घातलं. नसीम माझी बाकावरची शेजारीण, शहागंजात तिच्या अब्बांचं अत्तराचं दुकान. तिच्या ओढणीला कायम खसाचा वास. ती कुणालाच भीत नसे, म्हणून मी तिला थोडी भीत असे.

विषय होता, आज्ञापालन हाच सर्वश्रेष्ठ सद्गुण. ओबीडिअन्स इज द हायेस्ट व्हर्च्यू. कोण कुठल्या बाजूनं बोलणार ते चिठ्ठ्यांनी ठरायचं. मी देवाला नारळ बोलले होते, अनुकूल बाजू दे म्हणून. देवाला त्या दिवशी इंग्रजी येत नसावं. आयुष्यात कुणाचं न ऐकणाऱ्या नसीमला आज्ञापालनाची बाजू आली आणि ‘व्हय जी’ म्हणण्यात हयात चाललेल्या मला विरोधाची.

त्याच आठवड्यात चिकलठाण्याचे पाटील आले. त्यांचा मुलगा वकिलीचं शिकत होता. पाटलांनी बैठकीत पान जमवत सांगितलं, “भाकरी काय, सगळ्याच थापत्यात. पोराची उद्या मोठ्या लोकांत ऊठबस. सून इंग्रजी बोलणारी पायजे आपल्याला.”

आणि नाना, आमचे सावध नाना, म्हणाले, “मग घरी कशाला बघता? गॅदरिंगला या. कॉलेजात बोलणार आहे ती.”

दाराआड मी ऐकत होते. माझ्या हातातला चहाचा कप बशीवर असा वाजला, की मायनं तो काढून घेतला.

सुईत दोरा ओवायला लावतात, चालून दाखवायला लावतात, हे मी ऐकलं होतं. भरल्या सभेत, परक्या भाषेत, ‘मोठ्यांचं ऐकू नये’ असं सांगून दाखवायचं, ही बघण्याची तऱ्हा आख्ख्या मराठवाड्यात माझ्याच वाट्याला आली असेल. मी आजारी पडायचा प्रयत्न केला. कच्च्या कैऱ्या खाल्ल्या, ओले केस बांधले. काही झालं नाही. भ्यालेल्या माणसाची तब्येत फार ठणठणीत असते.

हॉलमध्ये पहिल्या रांगेत पाटील, गुलाबी फेटा बांधून. शेजारी नाना, काळी टोपी, हात मांडीवर जोडलेले. विंगेत माझे पाय मला सोडून कुठंतरी निघून गेले होते.

“अगे, इत्ता कायकू डर्री तू?” नसीम म्हणाली. “शेर बैठा है क्या उधर?”

“शेर नाय गं. नाना बसलेत.”

तिनं माझ्या कपाळाचा घाम तिच्या ओढणीनं पुसला. तो खसाचा वास अजून कुठं आला, तर माझा तळहात ओला होतो.

नंतरचं मला तुकड्यातुकड्यांनीच आठवतं. पंख्याचा कुरकुर आवाज. पेल्यातलं पाणी, ज्याला हात लावायची हिंमत झाली नाही. मी लोकांकडं बघितलंच नाही. सभापतींच्या टकलाकडं बघितलं. ते तेल लावून चकचकीत होतं. अगदी आमचा हंडा! आणि मग कंठ फुटला. मी म्हटलं, आज्ञा पाळणारा हात चांगलं करतो तसं वाईटही करतो, हुकूम कुणाचा आहे त्यावर ते ठरतं; मग आज्ञापालन हा सद्गुण कसा? ते तर अवजार झालं, खुरप्यासारखं. मी म्हटलं, ज्याला ‘नाही’ म्हणताच येत नाही, त्याच्या ‘हो’ला किंमत काय? घंटा वाजली. टाळ्या झाल्या. सगळ्यांत जोरात टाळ्या पाटलांनी वाजवल्या.

नसीम पहिली आली, मी दुसरी. आज्ञापालन जिंकलं.

बाहेर चिंचेखाली पाटील नानांची पाठ थोपटत होते. “काय धडाडी हो! थांबणं नाय, अडणं नाय. निव्वळ साहेबीण! आपल्याला पसंत. परीक्षा होऊ द्या, सुपारी फोडू.”

मी जे काही मांडलं होतं ते सगळं माझ्याच लग्नाच्या बाजूनं जमा झालं होतं. जगात इतक्या जोरानं विरोध करून इतक्या गोडीनं होकार मिळवणारी दुसरी मूर्ख तुम्हाला दाखवता येणार नाही. मी हसले नाही. 

टांग्यात नाना पुढच्या बाजूला बसले, मी मागं. पाठीला पाठ. घोड्याच्या टापा, उडणारी पानं, मागं मागं सरकणारा रस्ता.  मग पाठीमागून नानांचा आवाज आला.

“इंग्रजी ऐकलं. आता मराठीत सांग.”

“काय नाना?”

“तिथं जे बोललीस ते.”

 मनात आलं, दुसरंच काहीतरी सांगावं. आईवडील हेच दैवत, गुरुजनांचा मान, वगैरे. नानांना कोण खरं सांगायला बसलंय? पण हाताकडं लक्ष गेलं. तो पदर चाचपत होता.

मी सांगितलं. एकेक वाक्य. इंग्रजीत ती वाक्यं कशी, इस्त्री केलेल्या कपड्यांसारखी होती. कुणाचीही असू शकली असती. मराठीत आणली आणि ती माझी झाली, अंगाला चिकटली. ‘अपोनंट’ म्हणताना समोर टकलाचा हंडा होता, मराठीत समोर माझा बाप होता, आणि त्याची ताठ पाठ माझ्या पाठीला लागलेली होती. ‘नाही म्हणता येत नाही त्याच्या होला किंमत काय’, हे म्हणताना माझा आवाज इतका बारीक झाला, की टांगेवाल्यानं लगाम ओढून घोडा हळू केला.

“हे तुझं म्हणणं, का चिठ्ठीत आलं म्हणून?” नानांनी विचारलं.

“चिठ्ठीत आलं. पण माझंच आहे. मला बी.ए. करायचंय नाना.”

टापा. टापा. मग नाना कचेरीच्या आवाजात म्हणाले, “निकाल राखून ठेवला.”

त्यानंतरचा तो मोसम! परीक्षा आली, गेली. तिच्यात काय लिहिलं मला ठाऊक नाही. अंगणातला कडुलिंब आधी उघडाबोडका झाला, मग त्याला तांबूस पालवी आली, मग तो कडूगोड वासाचा मोहोर अंगणभर सांडला. मी नानांच्या चेहऱ्यावर निकाल शोधत राहिले. ते जेवत, कचेरीत जात, येत. भीतीचा एक प्रकार असा असतो, की कुणी रागावतच नाही. रागावलं असतं तर रडता आलं असतं. मायला वास लागला होता. ती काही बोलत नव्हती, फक्त भाकरी जरा जास्त जोरात थापत होती. हंड्यापुढं जायचं मी बंद केलं. तोही काही बोलेल असं वाटायला लागलं होतं.

अक्षय तृतीयेच्या आधी पाटील आले, भावकीतली चार माणसं घेऊन. बैठकीत सतरंजी, मध्ये तबक, तबकात हळदकुंकू, नारळ आणि सुपारी. सुपारी फुटली की शब्द दिला, मग मागं फिरणं नाही. पाटलांनी अडकित्ता पुढं केला. नानांनी तो घेतला, आणि दाराकडं बघून हाक मारली.

“कुसुम, बाहेर ये.”

मी आले. कुणाच्या पायांकडं बघत होते कोण जाणे.

“पाव्हण्यांनी तुझं इंग्रजी ऐकलंय,” नाना म्हणाले. “मराठी ऐकलं नाय. तुझं म्हणणं तूच मांड. मी वकील होणार नाय.”

टेबल नाही, पेला नाही, घंटा नाही. सभापतीही नाही. एवढा शब्दसंग्रह केला होता मी, तो सगळा आतल्या खोलीत राहिला. बैठकीत मी एकटीच आले होते. 

“मला शिकायचंय,” मी म्हटलं. “आत्ता लग्न नाय.”

आयुष्यातलं सगळ्यांत लहान भाषण. त्यातला ‘नाय’ तर अर्धाच ऐकू आला असेल.

पाटलांनी माझ्याकडं, मग नानांकडं बघितलं. “मग तिथं कॉलेजात काय बोलत व्हती ही?”

“हेच,” नाना म्हणाले.

“हेच? आन आमी टाळ्या पिटल्या?”

कुणी हसलं नाही. पाटील उठले, फेटा नीट केला, जोड्यात पाय घातले. उंबऱ्यावर थांबून नानांना एवढंच म्हणाले, “पोरीला लई सैल सोडलं तुमी.” माणसं गेली. धुळीत त्यांच्या बैलगाडीच्या चाकोऱ्या दिवसभर तशाच होत्या. पुढं फुलंब्रीच्या भावकीत नानांना कितीतरी लग्नांची आवतणं आली नाहीत, हे मला फार उशिरा कळलं. माय पावसाळ्यापर्यंत माझ्याशी नीट बोलली नाही.

बैठकीत नाना तसेच बसून होते. मी दाराला धरून उभी. त्यांनी तबकातली सुपारी उचलली, अडकित्त्यानं कचकन फोडली आणि एक खांड तोंडात टाकलं. दुसरं माझ्यापुढं धरलं. त्यांच्या बोटांनी ते ओलं झालं होतं. माझ्या पहिलीच्या पुस्तकाचा कागद व्हायचा, तसंच.

“घे. निकाल लागला.”

मी बी.ए. झाले, पुढं मुलींना तेच शब्द शिकवले, लग्नही केलं, त्याला मी नीट ऐकू येईल असं ‘हो’ म्हटलं. पण ते वेगळे मोसम. पानगळीचा मोसम आजही तोच एक आहे.

परवा गच्चीवर सईनं फोन बाजूला ठेवला आणि माझ्यासमोर फतकल मारून बसली. मला कळलं, वादविवादाचं निमित्त संपलं. तिला तत्त्वज्ञान शिकायला परदेशात जायचंय. माझ्या मुलानं ‘नाही’ म्हटलंय आणि तिला समजवायचं काम माझ्यावर टाकलंय.

“काय करायचंय गं तिकडं थंडीत कुडकुडायला?” मी म्हटलं. “इथं विद्यापीठ नाय का?”

“आय बेग टू डिफर, आजी.”

‘उलट बोलतीस?’ हे शब्द माझ्या ओठापर्यंत आले. खरंच आले. मेले इतकी वर्षं कुठं दबा धरून बसले होते! आणि त्यांच्या मागोमाग भीती आली, पण ही मला माहीत नसलेली. पोटातली नव्हे, पाठीतली. एवढी लांब जाईल. मी मरेन तेव्हा ही कुठं असेल? टांग्यात माझ्या पाठीला लागलेली ती पाठ ताठ का होती, ते मला गहू निवडता निवडता कळलं.

सई बोलत होती. फर्स्टली, सेकंडली, ऑटॉनॉमी, चॉइस. फार सुरेख इंग्रजी. एक वाक्य अडलं नाही. तिचं बोलणं संपेपर्यंत मी सूप खाली ठेवलं, पदर सावरला.

“झालं?” मी म्हटलं. “आता मराठीत सांग.”

ती थांबली. तोंड उघडलं, मिटलं.  कठड्यावरून पिवळी पानं खरखरत आमच्या दोघींच्या मध्ये आली.

मी वाट बघत बसले. माझे हात पदर चाचपायला निघाले, म्हणून ते गव्हात खुपसून ठेवले.